आधी भिंत, मग भाव

दिवाळी उलटून गेल्यावर गावच्या घराची पूर्वेकडची भिंत दाखवण्यासाठी आम्ही दोघांना बोलावले होते आणि योगायोगाने दोघेही एकाच सकाळी येऊन गेले. पहिला गृहस्थ तालुक्याच्या गावी बांधकामाचे ठेके घेणारा, बोलायला नम्र आणि कामाचा उरक असलेला होता. त्याने भिंतीला टेप लावला, लांबी-उंचीचा गुणाकार मोबाइलवर केला, खिडक्यांचे माप वजा केले आणि आईने दिलेला चहा संपण्याच्या आत भाव सांगून टाकला. जुने प्लास्टर झोडून नवे करायचे, सांधे सिमेंटने भरायचे आणि वरून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारायचे, असे सगळे त्या चौरस फुटाच्या भावात धरले होते. दुसरे अंजनगावच्या बाजूच्या एका खेड्यातले, साठी ओलांडलेले मिस्त्री होते. त्यांनी टेप आणलाच नव्हता. न्हाणीचे पाणी कुठे जाते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मग त्यांनी घराला बाहेरून पूर्ण वळसा घातला, रस्त्याची आणि ओट्याची उंची डोळ्यांनी जोखली, परसातून भिंतीच्या माथ्याकडे बराच वेळ पाहिले आणि शेवटी सुटलेला एक पोपडा नखाने काढून त्याखालची पांढरी भुकटी जिभेच्या टोकाला लावून पाहिली. भाव विचारल्यावर म्हणाले, “भिंत खोलल्याबिगर भाव कसा सांगू जी, ताई? आंधी भिंत पाहू द्या, मंग भाव.”

ते फाटकाबाहेर पडल्यावर ओसरीवर बसलेले माझे चुलतभाऊ म्हणाले, की ज्याला कामाचा भाव सांगता येत नाही त्याला काम काय येणार. आईने मान हलवली नाही, पण तिलाही ते पटल्यासारखे दिसले. आमच्याकडे बैलजोडी घेताना, शेत ठेक्याने देताना, लग्नाचा मांडव सांगताना आधी आकडा ठरतो. आकडा न सांगणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. मला मात्र दिवसभर मिस्त्रींचे ते वाक्य सोडेना. दोघांपैकी एकाने भिंतीला हात न लावता तिचा इलाज सांगितला होता आणि दुसऱ्याने तिची चव घेऊनही, आत काय आहे ते मला अजून माहीत नाही, असे म्हटले होते; आणि आम्हा सगळ्यांना विश्वास पहिल्याचा वाटला होता.

आमचे गाव दर्यापूरच्या अंगाने, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. इथे खाली शेकडो फूट नुसता गाळ आहे, खणून दगड लागत नाही, त्यामुळे दगड ही घरात जपून वापरण्याची वस्तू. आमच्या घराच्या जोत्याला जे काळे दगड आहेत ते सातपुड्याच्या पायथ्याकडून बैलगाड्यांनी आणले, असे आजोबा सांगत. जोत्याच्या वर बाहेरून भाजकी वीट, आतून कच्ची वीट, मधल्या पोकळीत पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागच्या मातीची आणि तुकड्यांची भराई आणि बाहेरच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, तेवढ्या चुन्याने भरलेल्या, अशी ती दोन हात जाडीची भिंत आहे. अर्ध्या घरावर धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत आहे आणि अर्ध्यावर कवेलू, म्हणजे कौले. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की या भिंतीला पाठ लावून दुपार काढता येते, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर तिच्या आतून जो ओल्या मातीचा वास येतो तो अंगणातल्या मातीच्या वासापेक्षा निराळा, थोडा जुनाट आणि गोडसर असतो. पांढरी आणायला लोक गढीवर जात आणि तिच्या पोटात कुदळ घालत. आमच्या भागातल्या कितीतरी गढ्या अशा घराघरांच्या भिंतींत जाऊन बसल्या आहेत. त्याचे मला वाईटही वाटते आणि आमची भिंतही त्याच मातीची आहे, हे नाकारताही येत नाही.

या भिंतीला लोणा लागतो, म्हणजे खाराने विटेचे पीठ होऊन गळते. तो लागणे आमच्या भागात कुणाला नवल वाटत नाही; विहिरीचे पाणी खारे, जमीन खारी, तर भिंत गोडी कुठून राहणार. लहानपणी रोज सकाळी आई पूर्वेच्या भिंतीखालून विटेचे तांबूस पीठ झाडून काढत असे आणि आम्ही मुले ते पसरून त्यात बोटाने अक्षरे काढत असू. गोठ्याच्या भिंतीला गाई चाटत, आणि जिथे त्या चाटत तिथे विटेला गुळगुळीत खळगा पडलेला असे. तरीही भिंत उभी होती. दर तीन-चार वर्षांनी कोणीतरी मिस्त्री येई, खालचे गेलेले सांधे खरवडून भरून जाई, एखादी वीट बदली आणि निघून जाई. त्या कामाला कोणी दुरुस्ती म्हणत नसे. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगे रंगवावीत तसे ते वर्षांच्या क्रमात बसलेले होते.

बाबांच्या शेवटच्या वर्षांत हे थांबले आणि त्याऐवजी एकदाच कायमचे काम करून घ्यावे असे घरात ठरले. एका ठेकेदाराने जोत्यापासून चार फुटांपर्यंत सिमेंटचा कडक गिलावा चढवला आणि वरच्या दरजा सिमेंटनेच भरून त्यांवर सुबक रेघा ओढल्या. पहिले दोन पावसाळे भिंत इतकी देखणी दिसत होती, की गावातले लोक पाहायला येत. मग ओल चार फुटांच्या वर दिसू लागली. आधी एक पुसट काळी रेघ, मग तिच्यावर पांढरी बुरशी वाटावी असा खार, आणि मग जिथे कधीच लोणा नव्हता त्या खिडकीच्या उंचीवरच्या विटांची तोंडे खपल्यांसारखी गळून पडू लागली. दरजा जागच्या जागी, कडक आणि करड्या, आणि त्यांच्या मधली वीट आत गेलेली, असे उलटे चित्र तयार झाले.

त्याचे कारण कळायला अवघड नाही. सिमेंटचा थर बसला म्हणून जमिनीतले पाणी थांबत नाही. ते जोत्याच्या सांध्यांतून आणि विटेच्या बारीक छिद्रांतून पूर्वीसारखेच वर चढते; पूर्वी ते दीड-दोन फुटांवर येऊन चुन्याच्या दरजांतून हवेत निघून जाई, आता त्याला चार फुटांपर्यंत वाट मिळत नाही म्हणून ते पाचव्या फुटावर निघते. पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेला खार मागे राहतो. त्याचे स्फटिक विटेच्या पोटात वाढतात आणि आतून तिचे तोंड फोडून काढतात. सांधा विटेपेक्षा मऊ असला तर हा मार सांधा खातो, आणि सांधा पुन्हा भरता येतो. सांधा विटेपेक्षा कडक असला तर मार विटेला बसतो, आणि गेलेली वीट भरता येत नाही. दुकानात मिळणाऱ्या सिमेंटच्या पिशवीवरचा ५३ हा आकडा म्हणजे ठरावीक रीतीने केलेल्या घनाने २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला सोसायचा दाब, न्यूटनमध्ये. भाजक्या विटेची भारतीय मानकातली सर्वांत खालची प्रत ३.५ न्यूटनची आहे. रेती मिसळल्यावर सिमेंटचा मसाला ५३ चा राहत नाही हे खरे, पण गावाच्या भट्टीत कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या आमच्या विटेपुढे तो तरीही फार कडक ठरतो. त्यात खालची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगांनी फाटते, म्हणजे घर दर वर्षी थोडे हलतेच. चुन्याचा सांधा ते हलणे सोसतो, बारीक भेगा पडल्या तर ओलीने त्या पुन्हा काही अंशी बुजवतोही. कडक सांधा अखंड राहतो आणि भेग विटेतून जाते.

म्हणून त्या ठेकेदाराला मी लबाड म्हणू शकत नाही, आणि हे लिहिताना मला तेच नीट सांगायचे आहे. त्याने आम्ही मागितले ते दिले होते. आम्ही काम उक्ते दिले होते, चौरस फुटावर, आणि चौरस फुटात भिंतीचा फक्त चेहरा मोजला जातो. उक्त्या कामात मिस्त्री जितका लवकर उठेल तितका त्याचा फायदा असतो. भिंत उघडून आत काय आहे ते पाहत बसणे हा त्याचा खर्च असतो आणि आत काही वाईट सापडले तर तो त्याचा तोटा असतो. मग त्याने ते का शोधावे? ज्या सांध्यात इंचभर खोल छिन्नी घालून जुना मसाला काढायला हवा, तिथे तो वरवर खरवडून नवा मसाला फासतो, कारण खोलीचे माप कुणी घेत नाही. नव्या बांधकामाला उक्ते चालते, तिथे सगळे समोर असते. किती विटा, किती रेती, किती दिवस हे आधी सांगता येते. जुन्या भिंतीत जे बिघडलेले असते ते झाकलेले असते. ते न पाहता सांगितलेला भाव अंदाजाचा असतो, आणि तो अंदाज चुकला तर भरपाई भिंतीच्या आत कुठेतरी होते, आपल्याला न दिसणाऱ्या जागी.

मसाला कोणता वापरला जाईल हे पैशाच्या बोलीवरच ठरून जाते, असे मला वाटते.

याला आणखी एक बाजू आहे. आमच्या भागात आज जे हात मिस्त्रीकाम करतात त्यांतले बहुतेक कॉलम-स्लॅबवर तयार झालेले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण भागासाठीच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरामागे १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान ठरले आणि गावोगाव एकाच प्रकारच्या कामाची रांग लागली. ग्रामीण मिस्त्रींसाठी या योजनेत ४५ दिवसांचे प्रशिक्षणही आहे, पण त्याचा भर साहजिकच नव्या घरावर असतो. ज्यांच्या डोक्यावर पावसाळ्यात गळणारे छप्पर होते त्यांना पक्के घर मिळाले, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मात्र कच्चे आणि पक्के या दोन रकान्यांत गाव वाटले गेले की जाड भिंतीचे, मातीत रचलेले, जोत्याला दगड असलेले घर पाडण्याच्या बाजूला जाऊन पडते, आणि ते सांभाळणारा मिस्त्री बिनकामाचा ठरतो. अंजनगावकडच्या त्या मिस्त्रींचाही वर्षाचा बहुतेक रोजगार स्लॅबचाच आहे. चुन्याचे काम ते वडिलांच्या हाताखाली शिकले, आणि आता देवळाचा ओटा किंवा एखाद्या वाड्याची देवडी निघाली तरच ते हातात घेतात.

त्यांना काम द्यायचे की नाही या विचारात असताना मी बाळापूरला जाऊन आले. एका कामासाठी अकोल्याला जायचे होते आणि किल्ला तिथून दूर नव्हता. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा हा किल्ला १७५७ मध्ये एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नवाब इस्माईल खानाने पूर्ण केला, आणि आमच्यासारख्या गाळाच्या मुलखात शोभेल असा तो विटेचा आहे. उंच बुरूज, एकावर एक चढत गेलेल्या विटांच्या ओळी आणि त्यांना धरून ठेवणारा चुना. मी तटाच्या सावलीत उभी राहून विटेला हात लावला तेव्हा तो कोरडा आला, कोमट आला. आपल्याकडे वीट टिकत नाही, दगड नाही म्हणून आपली घरे अशीच जाणार, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्या तटापुढे उभे राहून ते मान्य करता येईना. अर्थात किल्ल्यामागे नवाबाचा खजिना होता आणि आमच्या भिंतीमागे कापसाचे एक बरे वर्ष असेल, हाही फरक आहे.

आईची भीती वेगळी होती आणि ती टाळण्यासारखी नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला भूकंपात जे झाले ते तिच्या पिढीच्या अंगात बसलेले आहे. तिथे जाड दगडी भिंतीच माणसांवर पडल्या. मातीत रचलेल्या त्या भिंतींची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकांना बांधलेली नव्हती, वर धाब्याच्या मातीचे प्रचंड वजन होते, आणि हादरा बसताच दोन बाजू दोन दिशांना फाकल्या. तेव्हापासून जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हे समीकरण मराठवाड्यात मोडले आणि आमच्याकडेही डळमळले. जुने ते सोने म्हणणारे लोक हे विसरतात, तेव्हा मला राग येतो. जुन्या भिंतीत कसब असते तसा आळसही असतो, काटकसर असते, कुण्या एका वर्षी पैसे संपल्याच्या खुणा असतात. म्हणून आईने मिस्त्रींना दुसऱ्यांदा बोलावून पहिला प्रश्न विचारला तो हाच, की भिंत अंगावर तर येणार नाही ना. त्यांनी भिंतीच्या मधोमध आलेल्या फुगवट्यावर हात ठेवला आणि इथे बाहेरची वीट आतल्या विटेला सुटली आहे असे सांगितले. तिथे आरपार जाणारे लांब दगड घालून दोन्ही बाजू पुन्हा बांधाव्या लागतील, धाब्यावर वर्षानुवर्षे चढवलेली जास्तीची माती उतरवावी लागेल, आणि हे सगळे होईपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नये, असेही ते म्हणाले.

चुलतभावाने मग गॅरंटी किती वर्षांची, असे विचारले. मिस्त्री म्हणाले, वरची भिंत तुमच्या नातवांना पुरेल, पण खालचे तीन फूट सहा-सात वर्षांनी पुन्हा करावे लागतील, खाऱ्या जमिनीत त्याला इलाज नाही. खालचा चुन्याचा गिलावा खार आपल्या अंगावर ओढून घेईल आणि झिजेल, तो झिजला की खरवडून नवा लावायचा, म्हणजे वीट वाचते. पुन्हा एकदा खरे उत्तर ऐकायला वाईट होते. पण या वेळी आईने मान हलवली. कदाचित दर तीन-चार वर्षांनी येणारा तो जुना मिस्त्री तिला आठवला असावा.

बोली अशी ठरली. भिंत उघडण्याचे काम हजेरीने, मिस्त्रींची आणि हाताखालच्या माणसांची हजेरी दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी चुकती. सामान सगळे आमचे, म्हणजे मसाल्यात काटकसर करण्याचे कुणाला कारण नको. भिंत उघडल्यावर जे दिसेल ते दोघांनी मिळून पाहायचे, आणि त्यातले जे मोजता येईल तेवढ्याचाच भाव तिथे बसून ठरवायचा. सगळ्यांत आधी न्हाणीमागे हातभर जागेत नमुना करायचा, तो पंधरवडा तसाच ठेवायचा आणि मग पुढे जायचे. फरशी बसवणाऱ्याला तालुक्याला जो रोज मिळतो तोच मिस्त्रींना द्यायचा, याबद्दल मी आग्रह धरला. चुन्याचे काम हळू असते म्हणून ते स्वस्त असावे, असे लोक गृहीत धरतात आणि मग कुणी ते शिकत नाही अशी खंतही करतात. मिस्त्रींचा मुलगा पुण्याला टाइल्सच्या कामावर आहे. बापापेक्षा जास्त मिळवतो, आणि त्याने तेच करावे असे बापालाही वाटते.

काम सुरू झाले ते भिंतीपासून नव्हे, अंगणापासून. गावातला सिमेंट रस्ता थरावर थर चढत आमच्या ओट्याच्या वर गेला आहे, त्यामुळे पावसाचे पाणी वळून घराकडे येते. नळाला शहानूर धरणाचे गोडे पाणी आल्यापासून न्हाणीत पाण्याचा वापर वाढला, पण सांडपाण्याची वाट जुनीच राहिली, भिंतीच्या मुळाशी. मिस्त्रींनी आधी भिंतीलगत चर खणून पाणी दूर परसातल्या शोषखड्ड्याकडे वळवले. यात भिंतीचे एकही चौरस फूट काम झाले नव्हते आणि हजेरी भरत होती, हे पाहून चुलतभाऊ अस्वस्थ होत होते. मीही झाले. बँकेतून पैसे काढून आणावेत आणि ते मातीत खणलेल्या चरात जाताना पाहावेत, हे सोपे नाही. दुसरी अडचण हंगामाची होती. चुन्याला दिवाळी ते होळीचा काळ चांगला, कारण उन्हाळ्यात तो धरण्याआधीच वाळून जातो. आणि नेमका तोच काळ कापूस वेचणीचा आणि तुरीचा. हाताखालच्या बाया सकाळी वेचणीला जात आणि उन्हे कलल्यावर आमच्याकडे येत, कधी येतही नसत. त्यांना मी बोल लावू शकत नव्हते. वेचणीचे दिवस थोडे आणि पैसे रोख.

चुना अमरावतीहून मागवलेल्या कटनीच्या कळीचा होता. चुनखडीचा दगड नऊशे अंशांच्या आसपास भाजला की त्याची कळी होते, ती पाण्यात पडली की विरते आणि हवेतला वायू शोषून पुन्हा हळूहळू दगड होते, हे मी शाळेत वाचले होते. पण टाकीत पहिले घमेले रिकामे झाले तेव्हा ते पुस्तक काही कामाचे नव्हते. पाणी सळसळले, मग खदखदायला लागले, वाफेला ओल्या भिंतीचा तीव्र वास आला आणि मिस्त्रींनी मुलांना ओरडून मागे सारले, कारण एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. विरलेला चुना चाळून पाण्याखाली काही आठवडे मुरत ठेवला. पडलेल्या, कमी भाजल्या गेलेल्या जुन्या विटा आईने फेकू दिल्या नव्हत्या. त्या कुटून सुरखी केली, कारण ओलीच्या जागी चुना सुरखीशिवाय नीट धरत नाही. मसाला कालवायला विहिरीचे पाणी वापरायचे नाही, नळाचेच वापरायचे, ही मिस्त्रींची सक्त ताकीद होती. खाऱ्या पाण्याने कालवला तर आपण आपल्याच हाताने खार भिंतीत भरतो. पूर्वी लोक यासाठी पावसाचे पाणी साठवून ठेवत, असे ते म्हणाले.

सिमेंटचा गिलावा छिन्नीने सोडवताना त्याच्याबरोबर विटेची तोंडेही निघून आली. ते पाहवत नव्हते, पण टाळताही येत नव्हते. ग्राइंडर लावला असता तर विटा आणखी कापल्या गेल्या असत्या. फुगवटा उघडला तेव्हा आत उंदरांची बिळे, मातीच्या रिकाम्या गुहा, कुणीतरी भराईत टाकून दिलेली मडक्याची खापरे आणि खिडकीवरचे वाळवीने पोकळ केलेले सागाचे लाकूड निघाले. हातभर लांबीची पोकळी होती, तिच्यात माझा हात कोपरापर्यंत गेला. चौरस फुटाच्या भावात ही पोकळी बसली नसती. तिथे बसून आम्ही त्या तुकड्याचा भाव ठरवला. मिस्त्रींनी सांगितलेला आकडा मला जास्त वाटला, तसे मी म्हटले, त्यांनी दगड आणण्याचा खर्च वेगळा काढून दाखवला आणि आम्ही मधल्या एका आकड्यावर आलो. यात कुणी कुणाला फसवते आहे असे वाटले नाही, कारण आम्ही दोघेही एकाच भोकात पाहत होतो. मग विटा भिजवून, सांधे ओले करून, मसाला थापीने दाबून भरला गेला, आणि प्रत्येक भरलेल्या पट्ट्यावर गोणपाट टांगून ते दिवसातून तीन-चारदा ओले ठेवण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले. गुडघे दुखत असतानाही ती ते कुणाला करू देत नसे.

एवढे सगळे करूनही माझ्या मनातला एक प्रश्न सुटलेला नाही. हे काम पहिल्या ठेकेदाराने सांगितलेल्या भावापेक्षा महाग पडले. आमच्याकडे दोन नोकऱ्यांचे पगार येतात म्हणून ते झेपले. शेजारच्या घरात तशाच भिंती आहेत आणि फक्त कोरडवाहू शेती आहे. त्यांना मी चुन्याने करा असे कोणत्या तोंडाने सांगू? काही गोष्टी फुकटात किंवा थोडक्यात होतात आणि त्या तरी मी सांगते: भिंतीच्या मुळाशी पाणी सोडू नका, सिमेंटने खालची बाजू बंद करू नका, परवडत नसेल तर सांधे पांढरीने भरा पण मोकळे ठेवा, आणि मिस्त्रीला भाव विचारण्याआधी भिंत दाखवा. ठेकेदाराने पाण्याबद्दल एकही प्रश्न न विचारता आकडा सांगितला, तर तो आकडा कितीही बरा असला तरी थांबा. याहून जास्त मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

आता काळजी मधल्या भिंतीची आहे. वाटणीनंतर घराचे दोन भाग झाले, मधली भिंत सामायिक राहिली, आणि काकाजींच्या बाजूने तिला अजून तोच चार फुटांचा सिमेंटचा गिलावा आहे. तिकडची वाट बंद असल्यामुळे ओल आमच्या बाजूला निघते. चुन्याच्या नव्या गिलाव्यावर त्या भिंतीपाशी पहिल्याच पावसाळ्यात खार दिसला आहे. वाटणीपत्रात भिंत निम्मी-निम्मी लिहिलेली आहे, पण पाणी ते वाचत नाही. काकाजींशी मी बोलले, तेव्हा ते म्हणाले, की दादाला विचार. दादा म्हणाले, या वर्षी सोयाबीन हातचे गेले आहे, पुढच्या दिवाळीनंतर पाहू. तरी परवा त्यांनी स्वतःहून मिस्त्रींचा नंबर मागून घेतला, आणि बोलावताना भाव विचारू नका, आधी भिंत दाखवा, एवढे मी त्यांना सांगून ठेवले आहे.